आपटेकाकांचं रविवारचं इंग्लंड

परदेशात चार मराठी माणसं एका सोफ्यावर बसू लागली की किस्से सिंकमधल्या भांड्यांसारखे साठतात. आमच्या बेसिंगस्टोकच्या कंपूचे तर आता ओसंडायला लागलेत!

सुरुवात झाली सुलभाकाकूंच्या हृदयामुळे. व्हॉल्व्हचं ऑपरेशन ठरलं आणि डॉक्टरांनी तोपर्यंत आराम करायला सांगितलं. तीसेक वर्षं इथे काढलेल्या आपटेकाकांनी बायकोसाठी लगेच चॅरिटी शॉपमधून जुन्या ब्रिटिश सीरियल्सच्या डीव्हीडी उचलल्या. सगळ्या घोडागाड्या, लेसचे झगे आणि चांदीच्या किटल्यांच्या काळातल्या! काकूंना सोबत म्हणून दर रविवारी मी आणि कंपूतला निखिल हजर. बोलायला बंदी, फोन चपलांच्या कपाटात.

*

पाचव्या एपिसोडला निखिलचा धीर सुटला. "काका, ह्यात काही घडणार कधी?"

काकांनी पॉज केलं. "घडलं की! तिने कप खाली ठेवला, दिसला नाही?"

"मग?"

"मग काय मग! लग्नाला नकार दिला तिने!"

निखिल रीडिंग शहरात एका बँकेत रिस्क सांभाळतो. त्या दिवसापासून मला त्या बँकेची काळजी वाटते.

*

काकूंनी उठू नये म्हणून काकांनी देवघरातली घंटा त्यांच्या हातात दिली. "काही लागलं तर वाजव. त्या सीरियलमधल्या लेडीसारखी!"

काकूंनी वाजवली. चहासाठी वाजवली, चहात आलं नाही म्हणून वाजवली, उशी सरकली म्हणून वाजवली. शेवटी काका वैतागले. "ह्या घरात बटलरला सुट्टी असते की नाही?"

"बटलर तोंड वर करून बोलत नाही," काकू म्हणाल्या. "एपिसोड परत बघा."

*

इंग्रजांना त्यांचीच संस्कृती दाखवावी, असं एकदा काकांच्या मनात आलं. शेजारचा कॉलिन बिचारा आला. बटाटेवडे खाल्ले, तिसऱ्या सीनला घोरायला लागला. जाताना म्हणाला, "लव्हली. बिट स्लो, इझन्ट इट?"

दार लागताच काका कडाडले, "ह्या लोकांना आपल्या वारशाची किंमतच नाही!"

हे कोण बोलतंय? तर इथल्या मराठी मंडळाच्या नाटकाला 'खुर्च्या कडक असतात' म्हणून कधीही न जाणारे गृहस्थ!

*

काकांचं दैवत म्हणजे एक म्हातारा नट. सीरियलमध्ये तो जज्ज असतो. मुलगा युद्धात मारला गेल्याची तार येते. तो ती वाचतो, घडी घालतो आणि टोस्टला लावायला मार्मलेड मागतो. बस्स! काकांनी हा सीन आम्हाला इतक्यांदा दाखवलाय की आता मला टोस्ट बघूनही रडू येतं.

"भुवई हलली का? नाही! ह्याला म्हणतात अभिनय! नाहीतर आपल्याकडे, तीन वेळा झूम आणि मागे ढोल!"

काकू शालीतून म्हणाल्या, "असल्या माणसाबरोबर संसार करणं कसं असतं, ते मला विचारा."

*

आता शेवटचा. हा काकूंसमोर सांगायला बंदी आहे. हल्ली त्या ठणठणीत आहेत, वडेही स्वतः तळतात, पण हे त्यांना माहीत नाही.

ऑपरेशनच्या सकाळी मी दोघांना साउथहॅम्प्टनच्या हॉस्पिटलात घेऊन गेलो. गाडीत काकूंचं तोंड बंद नव्हतं. कॉलिनची नक्कल केली, रस्ता सांगणाऱ्या सॅटनॅव्हशी भांडल्या, पोचल्यावर नर्सला वड्याची रेसिपी सांगितली. मी हसून हसून बेजार. म्हटलं, काय बाई आहे, भीती म्हणून नाही! काका मात्र खांबासारखे ताठ.

ट्रॉली आत न्यायची वेळ झाली. काकूंनी मान वर केली. "अहो, इथे कॅमेरा नाही! रडायचं असेल तर रडून घ्या!" नर्ससुद्धा हसली. काकूंनी महाराणीसारखा हात हलवला आणि दार बंद झालं.

मी म्हणालो, "काका, काकू ग्रेट आहेत हो! काय मजेत गेल्या!"

काका खुर्चीत बसले. कोटाचं बटण दोनदा लावलं, दोनदा काढलं.

"अरे," ते म्हणाले, "इतका वाईट अभिनय मी उभ्या आयुष्यात पाहिला नाही."