दुसऱ्या सीझनसाठी ठेवलेली भिंत

मंगळवार, सकाळचे सहा वाजून वीस मिनिटं. ती शिलाई मशीनवर बसून शाळेच्या एका पँटची चेन बदलत होती. जुनी चेन उसवून झाली होती, नवी जागेवर टाचली होती आणि उरलेल्या दोन टाचण्या ओठांत धरल्या होत्या. याच सवयीमुळे गल्ली तिला टाचणी म्हणते. अंगानेही ती तशीच आहे. पाठीमागची खाट करकरली तसा तिने मशीनवरचा पाय उचलला आणि ऐकत राहिली.

सासरे उठले होते. एक्याऐंशी वर्षांचे, पत्र्याचे डबे बनवणाऱ्या कारखान्यातले निवृत्त फिटर. काचबिंदूने त्यांचे दोन्ही डोळे गेले त्याला बरीच वर्षं झाली. त्यांचा मुलगा, म्हणजे टाचणीचा नवरा, त्याआधीच गेला. घरात ही दोघंच.

फिटरांचा डावा तळहात भिंतीवरून सरकत गेला. खऱ्या भिंतीवर हाताचा आवाज होत नाही. मग ठक ठक असा पोकळ आवाज आला. ते प्लायवूड. तिथे त्यांनी नेहमीप्रमाणे खांदा टेकवला, अंगाचा सगळा भार टाकून वळण घेतलं आणि स्वयंपाकघरात शिरले. ओटा, मागचं दार, उघड्या बोळातल्या दोन पायऱ्या आणि मग बाथरूम. बाथरूमची कडी वाजली तेव्हा टाचणीने मशीन पुन्हा चालू केलं.

हा वळसा पूर्वी नव्हता. खाटेवरून उठायचं, भिंत धरून सरळ पॅसेजमध्ये शिरायचं, समोर बाथरूम. फिटर झोपेतसुद्धा जाऊन येत. त्या पॅसेजचं तोंड आता प्लायवूडच्या भिंतीने बंद होतं, आणि ती भिंत एका मालिकेची होती.

गल्लीत ब्रॉडबँडची केबल आली तेव्हा वरच्या मजल्यावरच्या वहिनींनी सगळ्यांत आधी जोडणी घेतली. तोवर मालिका म्हणजे रोज संध्याकाळी टीव्हीवर येणारी आणि वर्षानुवर्षं न संपणारी गोष्ट. ती स्टुडिओतल्या तीन भिंतींच्या घरात घडायची. चौथ्या भिंतीच्या जागी कॅमेरा असायचा. इंटरनेटवरून करमणूक विकणाऱ्या कंपन्या आधी दुसऱ्यांचेच सिनेमे दाखवत होत्या. मग त्यांनी स्वतःच्या मालिका काढायला घेतल्या. आठ भाग, सगळे एकाच दिवशी हजर, जाहिराती नाहीत, रक्त भरपूर. या मालिकांना स्टुडिओतलं रंगवलेलं घर चालेना. त्यांना पोपडे आलेलं, राहतं घर हवं होतं. अशी घरं हुडकणारी माणसं गल्लोगल्ली फिरू लागली.

त्यांतला एक लोकेशनवाला या घरात आला. खिशाखिशांची पँट, पायांत महागडे बूट, बोलणं मात्र गोड. पुढच्या खोलीच्या भिंतीवर हात फिरवत तो म्हणाला, "ताई, असा ओरिजिनल ओलावा शोधून सापडत नाही."

"न्या मग घेऊन," टाचणी म्हणाली.

शूटिंग चाललं तेवढे दिवस दोघांनी वर वहिनींकडे मुक्काम केला. टाचणीला कपडेपटाचं कामही मिळालं. कोणाची बाही आत घ्यायची, एकाच शर्टासारखे हुबेहूब चार शर्ट शिवायचे. तीन रक्तासाठी आणि एक आधीचा. मालिका एका मास्तरची होती. मास्तर बायकोला ठार मारतो आणि पॅसेज भिंतीने बंद करून टाकतो. आठव्या भागाच्या शेवटी तो जेवायला बसतो आणि भिंतीच्या आतून कोणीतरी ठोठावतं. तिथेच संपतं. आत कोण, ते दुसऱ्या सीझनमध्ये.

म्हणून भिंत ठेवायची होती. पाडून पुन्हा बांधली तर डाग जुळणार नाहीत, असं लोकेशनवाल्याने समजावलं. सामान नेऊन झाल्यावर कंटिन्युइटी सांभाळणारी मुलगी राहिली. दोन दृश्यांच्या मधे कप इकडचा तिकडे होऊ नये, एवढं बघणं हेच तिचं काम. तिने भिंतीचे फोटो काढले आणि एका खिळ्याला लाल पुठ्ठा लटकवला: हॉट सेट, हात लावू नये.

फिटरांनी पुठ्ठा चाचपला. "काय आहे हे?"

"आजोबा, सेट हॉट आहे."

"गरम तर लागत नाही."

मुलगी हसली. "म्हणजे काम अर्धं झालंय. आम्ही परत येईपर्यंत कोणी काही हलवायचं नाही."

फिटरांचा चेहरा एकदम बदलला. कारखान्यात त्यांच्याकडेही लाल पुठ्ठा असे. मशीन उघडलं की बटणावर लटकवायचा, त्यावर स्वतःचं नाव लिहायचं. ज्याने लावला त्यानेच काढायचा, दुसऱ्या कोणी नाही, मग साहेब का असेना. एकदा पाळी बदलताना मुकादमाने घरी गेलेल्या माणसाचा पुठ्ठा काढला आणि मशीन चालू केलं. आत तेल घालणारा होता. त्याचा हात कोपरापासून गेला. त्याला बाहेर काढणाऱ्यांत फिटर होते.

"नाव लिही त्याच्यावर," ते मुलीला म्हणाले. "पुठ्ठ्याला बाप असावा लागतो."

तिने नाव लिहिलं आणि गेली.

मालिका आली त्या दिवशी वहिनींनी आठही भाग एका बैठकीत बघितले आणि सुजलेल्या डोळ्यांनी खाली आल्या. "आता खरं सांग, भिंतीमागे काय आहे?"

"आमचा संडास," टाचणी म्हणाली.

काही दिवस अनोळखी पोरंपोरी दारासमोर उभी राहून फोटो काढत. फिटर आतून ओरडत, "तिकीट लावा रे." नंतर तेही थांबलं. वहिनी पुढच्या मालिकेकडे वळल्या. दर आठवड्याला नवी येत होती.

लोकेशनवाला म्हणाला होता, दोन महिन्यांत कळवतो. नंतर म्हणाला, कंपनी आकडे बघतेय. किती जणांनी मालिका सुरू केली याला किंमत नाही, किती जणांनी शेवटपर्यंत बघितली हे मोजतात. नंतर त्याचा नंबर लागेना. पावसात बोळातल्या पायऱ्यांवर शेवाळ धरलं आणि फिटर एकदा बसकण मारून पडले. मार मुका होता. पण डॉक्टरने टाचणीला बाजूला घेऊन सांगितलं, या वयात खुब्याचं हाड मोडलं की माणूस उठत नाही. पुन्हा पडू देऊ नका.

त्या दिवसापासून तिच्या डोक्यात एकच गोष्ट राहिली. भिंत काढायची. बाबा मोडण्याआधी.

"बाबा, सुताराला बोलावते."

"पुठ्ठा आहे का अजून?"

"आहे."

"मग सुतार काय करणार? जिने लावलाय तिला बोलाव."

"ते लोक विसरले असतील."

"विसरले असतील तर आठवण कर. अर्धं काम दुसऱ्याने उघडायचं नसतं."

एका दुपारी वहिनी पाहुण्यांना टाचणीचं घर दाखवायला टीव्हीवर मालिका शोधत बसल्या. सापडेना. मग खाली आल्या. "अगं, तुझं घर गायब झालं. नाव टाकलं तर उपलब्ध नाही म्हणतंय." कंपनी दुसऱ्या कंपनीने विकत घेतली होती. नव्या मालकांनी बऱ्याच मालिका काढून टाकल्या. त्यांत ही गेली. दुसरा सीझन रद्द झाल्याचंही कोणी जाहीर केलं नाही. जी मालिका नाहीच, तिचा सीझन कोण रद्द करणार?

टाचणीने कपडेपटातल्या ओळखीतून त्या मुलीचा फोन मिळवला.

"ताई, ती भिंत अजून आहे?" मुलगी म्हणाली. "काढा ना. काढून टाका. ते केव्हाच संपलं."

टाचणीने फोन सासऱ्यांच्या कानाशी धरला.

"आजोबा, भिंत काढली तरी चालेल. मी सांगते ना."

"तू येऊन काढ, पोरी."

"मी दुसऱ्या सेटवर आहे, लांब. पुढच्या महिन्यात बघते."

"ये. मी कुठे जातोय? फोनवरून पुठ्ठा निघत नाही."

पुढच्या महिन्यात ती आली नाही. त्याच्या पुढच्याही नाही. तिने यायला हवं होतं असंही नाही. तिला रोजंदारीवर कप आणि खुर्च्या सांभाळायच्या होत्या, आणि त्या दर महिन्याला वेगळ्या घरातल्या असत. फिटर मात्र वाट बघत राहिले. तोवर त्यांनी त्या भिंतीशी जमवून घेतलं होतं. गुडघे कुरकुरायला लागल्यापासून वळताना तिच्यावर खांदा टाकला की बरं पडायचं. आधी तिला शिव्या देणारा माणूस तिचाच कठडा करून बसला होता. टाचणीला ते दिसत होतं. पण तिच्या डोक्यात पायऱ्या होत्या.

डोळ्यांना दिसत नसलं तरी आतला दाब वाढला की दुखतात, म्हणून फिटरांना अधूनमधून डोळ्यांच्या दवाखान्यात न्यावं लागे. एरवी टाचणी जायची. त्या सोमवारी तिने शिलाईचं काम अडलंय असं सांगितलं आणि वहिनींना सोबत पाठवलं. टॅक्सी वळली तेव्हा सुतार कोपऱ्यावर उभाच होता.

काम सोपं निघालं. चार पट्ट्या, मूठभर खिळे. प्लायवूड चांगलं होतं, तेच मजुरी म्हणून घेऊन तो गेला. आत पॅसेज तसाच होता. वर्षभराची धूळ, भिंत रंगवताना राहून गेलेला एक ब्रश, वाळून लाकडासारखा झालेला. टाचणीने झाडून घेतलं, साबणाच्या पाण्याने फरशी धुतली. तिचा बेत असा होता: बाबा आले की दारातच हात धरायचा, सांगायचं, रागावतील ते रागावू द्यायचं आणि हात धरूनच एकदा बाथरूमपर्यंत नेऊन आणायचं. दवाखान्यात अर्धा दिवस तरी जातो. ती दूध आणायला बाहेर पडली.

त्या दिवशी डोळ्यांचे डॉक्टर आलेच नव्हते. टॅक्सी लगेच परतली. वहिनींनी आपल्याजवळच्या किल्लीने कुलूप काढलं. त्या आत यायला निघाल्या तर फिटर म्हणाले, "मी जातो आत. स्वतःच्या घरात वाटाड्या कशाला?" वहिनी वर गेल्या. फिटरांनी काठी कोपऱ्यात ठेवली. टॅक्सीत बसून त्यांना लघवीची घाई झाली होती. खाटेला वळसा घालून त्यांनी डावा हात भिंतीला लावला, चार पावलं गेले आणि वळायच्या जागी खांदा टाकला.

टाचणी दूध घेऊन आली तेव्हा ते पॅसेजच्या ओल्या फरशीवर कुशीवर पडलेले होते. शुद्धीवर होते. एक हात पुढे करून हवेत काहीतरी चाचपत होते.

"भिंत कुठे गेली?"

"काढली बाबा."

"कोणी?"

"मी."

त्यांनी हात खाली घेतला.

"काढलीस ते काढलीस," ते म्हणाले. "सांगायचं होतंस."

"सांगणारच होते."

"हं."

खुबा मोडला होता. ऑपरेशन झालं, हाडात सळई घातली. डॉक्टरने कसे पडले म्हणून विचारलं तेव्हा टाचणीने तोंड उघडलं, पण फिटर आधी बोलले. "पाय घसरला. ओलं होतं." भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला त्यांनी हेच सांगितलं, वहिनींनासुद्धा. वहिनी पॅसेजकडे बघत राहिल्या. त्यानंतर घरात भिंतीचा विषय निघालेला नाही.

आता ते चालत नाहीत. खाट लोखंडी आहे, डोक्याकडची बाजू वर होणारी. ती पुढच्या खोलीत मावेना म्हणून मशीन स्वयंपाकघरात गेलं आणि ओट्यावर कापडांचे गठ्ठे आले. टाचणी दिवसातून चार वेळा सासऱ्यांची कूस बदलते. पाठीवर एक जखम झाली होती, ती भरत आली आहे. सकाळी व्यायाम करून घ्यायला एक बाई येते, ती आणि टाचणी मिळून त्यांना उठवून बसवतात. पॅसेज मोकळा आहे, त्यातून ती एकटीच ये-जा करते. फिटर पूर्वीपेक्षा कमी बोलतात. कधी विचारतात, "काय शिवतेस?" ती सांगते, उशीचे अभ्रे. ते म्हणतात, "टीप सरळ घाल." एवढंच.

आज तिला एका अनोळखी नंबरवरून फोन आला. आवाज ओळखीचा निघाला.

"ताई, ओळखलंत का? लोकेशनवाला. आता मी नव्या कंपनीत आहे. मोठं काम आहे, दहा भागांचं. तुमचंच घर आठवलं. रिकामं मिळेल ना?"

"खाट आहे पुढच्या खोलीत."

"खाट हलवू आपण."

"खाटेत माणूस आहे."

"अच्छा. आजोबा का? काळजी घ्या त्यांची. पण ताई, तसं बघितलं तर एक सीन आहे आजारी माणसाचा. ते असले तरी चालतील. खरं वाटेल."

टाचणीने फोन ठेवला.

"कोण होतं?" फिटरांनी विचारलं.

"माणूस."

"काय हवं होतं त्याला?"

"घर."

फिटरांनी तोंड छताकडे केलं. "ये म्हणायचं होतंस," ते म्हणाले. "आता मी कुठे कुणाच्या वाटेत येतो?"

कूस बदलायची वेळ झाली होती. एक हात त्यांच्या खांद्याखाली आणि एक मोडलेल्या बाजूच्या कमरेखाली घालून तिने त्यांना भिंतीकडे वळवलं, पाठीशी उशी दिली आणि त्यांचा वरचा हात सरळ करून चादरीवर ठेवला.

उद्या गुरुवार. व्यायाम करून घेणारी बाई गुरुवारी येत नाही. सकाळी साडेआठला त्यांना उठवून बसवण्याचं काम टाचणी एकटी करेल.