पूल मोकळा झाला, पायरी रिकामी

परवा तोटीचा नवा माठ आला, दोनशे वीस रुपये. वाळ्याची जुडी वीस, स्टीलचं झाकण पस्तीस. चैत्र लागला की ओट्यावर पाणी ठेवायचं ही सासूबाईंपासूनची रीत, ती मोडली नाही... पण संध्याकाळी झाकण काढून बघितलं तर माठ गळ्यापर्यंत भरलेला, जसा सकाळी भरला तसाच.

आमचं घर रेल्वेवरच्या जुन्या पुलाच्या अगदी तोंडाशी. पूल इतका अरुंद की समोरून बस आली की इकडच्या रिक्षा जागेवरच. सकाळी अर्धा अर्धा तास कुणी हलायचं नाही... हॉर्नने माझी माळ कितव्या मण्यावर आहे तेही विसरायला व्हायचं.

मग गेल्या वर्षी गल्लीने अर्ज करायचं ठरवलं. माझं अक्षर बरं आणि मॅट्रिकपर्यंत शिकलेली, म्हणून लिहायचं काम माझ्याकडे आलं. नुसता अर्ज कोण वाचतो, म्हणून खर्चाच्या वहीच्या मागच्या पानांवर मी रोज लिहायला लागले... कोंडी किती वाजता लागली, किती वाजता सुटली.

एवढ्यावर थांबले नाही. देवाजवळ बोलले, ही कोंडी सुटू दे, पाच सोमवार करीन आणि पाचव्या सोमवारी सवाष्ण जेवू घालीन.

वाहतूक शाखेतल्या साहेबांनी वही चाळली आणि मध्येच हसायला लागले. "काकू, ही कोंडीची नोंद आहे का पाहुण्यांची? नऊ चाळीस, पूल बंद, अक्का आली. नऊ पन्नास, अक्काला ताक दिलं. दहा पाच, पूल सुटला, अक्का गेली." मी ओशाळले... म्हणाले, ते खोडून टाका साहेब, चुकून लिहिलं गेलं.

अक्का म्हणजे विड्या वळणारी. रोज सकाळी वळलेल्या विड्यांचं सूप ओल्या फडक्याने झाकून शेअर रिक्षातून कारखान्याला जायची, आणि रिक्षा रोज माझ्याच दारात अडकायची. पहिल्यांदा पाणी मागायला उतरली ती सूप मांडीवर घेऊन पायरीवरच बसली. घरात ती तेलुगू बोलते, म्हणून मला 'वदिना' म्हणायची, म्हणजे वहिनी... मी तिला अक्का.

"वदिना, ह्या पुलानं आज पण बसवलं बघा."

"बसा की, पायरी काय भाड्याची आहे का?"

पूल सुटला की रिक्षावाला ओरडायचा, "अक्का, चला, गाड्या हलल्या." ही पाण्याचा शेवटचा घोट निवांत घेत म्हणायची, "हलू दे रे, तुझा पूल कुठं पळून चाललाय?"

असं तीन वर्षं चाललं. हे गेले त्यानंतरचीच ती तीन वर्षं... मुलगा पुण्यात, रविवारी फोन करतो, चांगला आहे. पण सकाळी देवपूजा झाल्यावर दुपारपर्यंत माणसाचा शब्द कानावर पडायचा तो अक्काचाच.

गेल्या महिन्यात पूल एकेरी झाला. आता पुलावरून फक्त इकडे येणाऱ्या गाड्या. कारखान्याकडे जाणाऱ्यांना मागच्या भुयारी रस्त्याने पाठवतात. कोंडी पहिल्याच दिवशी सुटली, गल्लीत पेढे वाटले... पहिला पेढा माझ्या हातात दिला.

दुसऱ्या दिवशी नऊ चाळीसला मी ताक घेऊन ओट्यावर आले. तेव्हा लक्षात आलं.

दुपारी परतताना तिची रिक्षा पुलावरून येते, पण भरधाव. एकदा तिला मी दिसले, "वदिना" म्हणून तिने हात बाहेर काढला. रिक्षावाल्याने वेग कमी केला तोच पोलिसाची शिट्टी वाजली, मागच्यांनी हॉर्न दिले... वळणापर्यंत तो हात दिसत होता. मधेच उतरली तर पुढच्या रिक्षाला वेगळं भाडं पडतं, घरी नवरा कंबरेने बसलेला. तिचं मला कळतं.

मग मीच एकदा कारखान्याच्या दारात गेले. वॉचमनने विचारलं, नाव काय बाईचं?

मी म्हणाले, अक्का.

"आजी," तो म्हणाला, "आत चारशे अक्का आहेत."

रोज दारात येणारीला नाव कोण विचारतं... मलाही तिने कधी विचारलं नाही. वहीत तीन पानं भरून तिच्या येण्याजाण्याच्या वेळा आहेत, नाव तेवढं नाही.

देवाकडे तक्रार करायला तोंड नाही. मागितलं ते त्याने पुरेपूर दिलं. रुग्णवाहिका आता अडकत नाहीत, शाळेची मुलं वेळेवर पोचतात, हे मला दिसतं आणि बरंही वाटतं... फक्त मागताना मी कोंडीबरोबर आणखी काय जाईल याचा विचार केला नव्हता.

चार सोमवार झाले. येत्या सोमवारी पाचवा. नवस फिटायला कुठलीही सवाष्ण चालते, शेजारची सून हाक मारली तर लगेच येईल. पण ताटावर अक्का बसावी असं फार मनात आहे.

तुमच्यापैकी कुणाच्या गल्लीत ती राहत असेल... नाकात दोन्हीकडे चमक्या, सुपावर हिरवं फडकं, बोलताना आधी हसणार... तर तिला सांगा, पुलाजवळच्या वदिनाने जेवायला बोलावलंय, जाण्यायेण्याचं रिक्षाभाडं माझ्याकडे. आणि तिचं नाव तेवढं विचारून घ्या.

ती काय म्हणाली ते उलट निरोपी लगेच कळवा. तिला शेंगापोळी आवडते, आणि शेंगा आदल्या दिवशी भाजून ठेवाव्या लागतात.