खंडेनवमीला उचललेला पाना

भूतखेत, करणी, देवदेवस्की... मला असल्या गप्पांचा पहिल्यापासून तिटकारा. कुणी सुरू केलं की मी उठून जायचो. तरी आज लिहितोय, कारण जे घडलं ते भर दुपारी घडलं आणि माझ्याच बाबतीत घडलं.

पंचावन्न-छप्पन साल असेल. मी बदलापूर गावातला, माझा मित्र मधू बेलवलीचा. दोघेही नुकतेच बी.ए. झालेलो. नोकरीला चिकटण्याआधी सायकलवरून कन्याकुमारी गाठायची, दसऱ्याला सीमोल्लंघन करून निघायचं, असं पक्कं ठरलं. पावसाळा लागल्यापासून तयारी चालली होती. पंक्चरचं सामान, जादा ट्यूब, पुढे कंदील टांगायला लोखंडी पट्टी... वजनाची सवय व्हावी म्हणून कॅरिअरला विटा बांधून अंबरनाथपर्यंत फेऱ्या मारायचो. लोक म्हणायचे, पोरं कामातून गेली!

श्रावणात एका सकाळी मधू विटा घेऊन नदीकडच्या उतारावर सुटला. खाली मोरी आहे. ब्रेक लागला नाही. कठड्यावर आपटला आणि दुपारपर्यंत संपला. पुढच्या ब्रेकच्या दांडीचा नट गळून पडला होता, आणि नुसत्या मागच्या ब्रेकला ते वजन झेपलं नाही.

मला संशय नव्हता, खात्री होती. शिरगावचा दिनकर! आमच्याच वर्गातला. त्यालाही यायचं होतं, पण सायकल नव्हती, आणि मधू त्याला येता-जाता चिडवायचा. आदल्या दुपारी तो मधूची सायकल फिरवायला घेऊन गेला होता. नट त्यानेच सैल केला! पोलीस म्हणाले, अपघात. म्हणू देत. मी मधूच्या चितेसमोर ठरवलं — ह्याला सोडायचा नाही.

मधूच्या आईने सायकल दुरुस्त करून माझ्या दारात आणून लावली. "त्याची राहिली रे. सायकलीला तरी कन्याकुमारी दाखव."

मी तडक दिनकरकडे गेलो. म्हटलं, "चल माझ्याबरोबर. मधूची सायकल घे." त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. मला वाटलं, काय नाटकी आहे मेला!

खंडेनवमी उजाडली. त्या दिवशी आमच्याकडे कोयता, विळा, पाना, सगळी हत्यारं हळदकुंकू लावून पाटावर मांडतात. दसऱ्यापर्यंत त्यांना हात लावत नाहीत. मी झेंडूच्या फुलांखालून पाना ओढला.

"अरे, पूजेतलं हत्यार उचलू नये!" आई ओरडली.

"मी नाही मानत असला खुळेपणा," म्हणालो, आणि परसात जाऊन मधूच्या सायकलीच्या दोन्ही ब्रेकांचे नट काढून खिशात टाकले. दांड्या नुसत्या टेकवून ठेवल्या.

दुपारी दिनकरला त्याच उताराच्या माथ्यावर नेलं. "मोरीपर्यंत जाऊन दाखव बघू." तो निघाला. मी मनात म्हणत होतो, आपट... आपट...

मोरीच्या हातभर अलीकडे सायकल अलगद थांबली. दिनकर हसत वर आला. "लेका, ब्रेक काय झकास लागतात रे!" माझा हात खिशात होता. दोन्ही नट बोटांना लागत होते.

डोकं सणकलं माझं. त्याला विहिरीवर पाणी प्यायला पिटाळलं, नट जागेवर बसवले, बरोबर आणलेल्या त्याच पान्याने जीव खाऊन आवळले. दोनदा ब्रेक दाबून पाहिले — घट्ट. मग स्वतः बसून सुटलो. अर्ध्या उतारावर ब्रेक दाबला... हाताला काहीच लागेना! मोरी अंगावर आली.

उजव्या पायाचा पार चुराडा झाला. दिनकरने मला पाठीवर घेऊन डॉक्टरकडे नेलं. पुढे उल्हासनगरच्या कॅम्पातल्या सिंधी मिस्त्रीने सायकल तपासली. "साईं, दोनों ब्रेक एकदम टाइट हैं. किसने बोला फेल हुआ?"

दिनकर एकटाच गेला, त्याच सायकलवर. मधूच्या आईसाठी कन्याकुमारीची वाळू घेऊन आला. मी खाटेवर पडून होतो.

नट नसताना ब्रेक लागला कसा, आणि असताना का लागला नाही, ह्याचं उत्तर मला आजही देता येत नाही. पण एक गोष्ट इतकी वर्षं कुणालाच सांगितली नव्हती. मधू गेला त्याच्या आदल्या संध्याकाळी, दिनकरने सायकल परत आणून दिल्यावर, कंदिलाची ती पट्टी मी बसवली होती. त्यासाठी पुढच्या ब्रेकचा नट सोडावा लागतो. तो मी परत आवळला की नाही, हे मला आठवत नाही... निदान मी स्वतःला तसं सांगत आलोय.