हळदीच्या दिवशी गायब झालेली पुतणी

शैलाला बोलायला अनोळखी माणूसच लागायचा. औशाहून आल्यापासून नऊ वर्षं ती चिंचवड स्टेशनच्या स्टॉपवर कंपनीच्या बसची वाट बघत आलेली, आणि तिथं शेजारी कुणी येऊन उभं राहिलं की हिचं सुरू.

"घरच्यांना मी पाठ झालीय," ती नवऱ्याला म्हणायची. "नवीन माणूस निदान ऐकून तरी घेतं."

"एक दिवस हे बोलणं-ऐकणं अंगाशी येईल," मुकुंद म्हणायचा.

आलंच. महिन्यात दोन लेट मार्क झालेले. तिसरा लागला की कॉन्ट्रॅक्ट बंद, असं सुपरवायझरनं बजावलेलं. आणि त्याच मंगळवारी स्टॉपवरची एक बाई, ना ओळख ना पाळख, म्हणाली, "हळदीच्या दिवशी आमची पुतणी गायब झाली, बघा."

"मग?"

"मग काय, सगळं गाव पालथं घातलं..."

पांढरी बस आली. बाई बोलत बोलत चढली, शैला ऐकत ऐकत तिच्यामागं.

मोशी ओलांडल्यावर शैलाचं लक्ष गेलं. सगळ्यांचे शर्ट निळे. करडा हिचा एकटीचा.

"ही महाळुंग्याला जाती ना?"

"न्हाई हो. राजगुरुनगरकडं."

चाकणच्या चौकात तिची बस डावीकडं वळणार, ही सरळ जाणार. साडेसहा वाजून गेलेले, सातला पंचिंग.

चौकाच्या अलीकडं ट्रॅफिक तुंबला. तिची बसही ह्यातच कुठंतरी अडकलेली असणार. ती ड्रायव्हरकडं धावली.

"भाऊ, दार उघडा."

"मधे उघडत नसतो. कॅमेरा आहे. माझी नोकरी घालवता काय?"

"माझी चाललीय."

पुढचा कंटेनर हलला. तेवढ्यात मागून ती बाई आली. "हिला मळमळतंय. बस कोण धुणार, तुम्ही?"

शैलानं लगेच ओढणी तोंडाला लावली. ड्रायव्हरनं तिला एकदा आरशात पाहिलं आणि दार उघडलं.

ट्रेलरच्या मधून, हॉर्नच्या गोंगाटात ती काचेवरच्या पाट्या वाचत पळाली. पहिली बस तिची नव्हती. दुसरीही नाही. तिसरी वळायच्या बेतात होती, तिच्या दारावर तिनं दोन्ही हातांनी थापा मारल्या.

"आज इथून कशा, ताई?" तिचा ड्रायव्हर कुलदीप म्हणाला.

"आधी आत घे."

गेटवरचं मशीन घामेजलेला चेहरा ओळखेना. तिनं तो खसाखसा पुसला, पुन्हा समोर धरला. सहा एकोणसाठ.

शुक्रवारी ती बसच्या पायरीवर पाय ठेवणार, तोच मागून आवाज आला. तीच बाई.

"पुतणी सापडली का, ते आधी सांगा," शैला म्हणाली. दुसरा पाय तिनं जमिनीवरच ठेवला.

बाईनं इकडंतिकडं पाहिलं. "माझ्याच खोलीवर हाय. दिरांना ठावं न्हाई, ह्यांनाबी न्हाई, ते गावाकडंच असत्यात. कुठं बोलू नका."

कुलदीपनं हॉर्न दिला.

"कुणाला सांगणार?" शैला म्हणाली. "मला तुमचं नावसुद्धा माहीत नाही."

"मग ऱ्हाऊ द्या तसंच," बाई म्हणाली.