दोन करडे पैलवान

आमच्या सासूबाई कपडे शिवतात; कात्रीपेक्षा जीभ धारदार. मीही ऐकून घेणारी नाही. आठवडाभर अबोला चालला, तेव्हा वैतागून नवऱ्याने जुना व्हिडिओ गेम टीव्हीला जोडला. म्हणाला, "काय ती मारामारी इथं करा. हरेल तिनं आधी बोलायचं."

हट्टाने दोघींनी एकच पैलवान निवडला. त्यांचा लाल, माझा निळा. पण टीव्हीचे रंग कधीच गेलेले, दोघेही करडेच दिसत होते. शेवटच्या फेरीत दोघांचा जीव कंठाशी आला. मी दातओठ खात बटणं बडवत होते. सासूबाई किंचाळल्या, "हाण त्याला! सोडू नकोस!"

एक आडवा झाला. त्या टाळ्या पिटत उठल्या.

"आई, तुझाच पडला," नवरा पडद्यावरचा निकाल वाचून म्हणाला.

त्या मटकन बसल्या. मग माझ्याकडे वळल्या.

"म्हणजे मेले, इतका वेळ मी तुझ्याच बाजूनं ओरडत होते?"