पुढच्या वर्षीची जागा

शाळेच्या क्रिकेटच्या सरांनी मला फसवलं. त्याच्या दहा वर्षं आधी मी माझ्या पोराला फसवलं होतं. सरांच्या फसवणुकीची वाट मीच माझ्या फसवणुकीनं करून दिली होती, हे मला कळायला फार उशीर झाला.

मी पालघरकडच्या नवापूरचा. सातवीत शाळा सोडली आणि आईच्या मागोमाग सुकटीची पाटी घेऊन बोईसरच्या बाजारात उभा राहायला लागलो. तारापूरला कारखाने आले तशी त्यांची रिकामी पिंपं उचलायला लागलो. धुवायची, ठोकून सरळ करायची, विकायची. आधी हातगाडी होती, मग टेम्पो झाला. पहिला सांगितलेला भाव मी जन्मात मान्य केला नाही. लोक मला भांडखोर म्हणत आणि माल मात्र माझ्याकडूनच घेत.

पोरगा चार वर्षांचाही झाला नव्हता तेव्हा मी त्याला शाळेत नेला. बायको दिवसभर बाजारात, मी पिंपांच्या मागे, घरी बघायला कोणी नव्हतं. मोठी मुलगी त्याच शाळेत होती, तिच्याजवळ बसेल असा माझा हिशेब. गुरुजींनी त्याला उजवा हात डोक्यावरून घेऊन डाव्या कानाला लावायला सांगितला. तेव्हा वय असंच मोजत. पोराची बोटं कानाच्या चार बोटं वरच थांबली.

"अहो, याला अजून चार पुरी नाहीत," गुरुजी म्हणाले.

"पाच पुरी हायेत, गुरुजी. कान जरा खाली हाय त्याचा."

गुरुजी हसले आणि तिथेच हरले. जन्माची नोंद कुठे आहे विचारलं, मी म्हटलं कुठंच नाय. ज्याची तारीख माहीत नाही त्याला एक जून लावायची, हा आमच्याकडचा रिवाज. आमच्या आळीतली अर्धी माणसं एक जूनला जन्मलेली आहेत. राहिलं साल. ते मी घासाघीस करून मागे नेलं. पोरगा जन्मला होता श्रावणात, नारळी पुनवेच्या आठ दिवस आधी. मी त्याला चौदा महिन्यांनी मोठा करून घरी आणला.

बायको म्हणाली, "पोऱ्या अजून माझ्या पदराला लटकतो, नि तुमी त्याला शाळंत बसवून आलाव?"

"एक वर्ष वाचवलं त्याचं," मी म्हटलं. "एक वर्ष आधी शिकंल, एक वर्ष आधी कमावंल."

ते वाचवलेलं वर्ष पाचवीत नापास होऊन गेलं. वर्गात सगळ्यात लहान तोच होता, त्याला काही झेपत नव्हतं. मग मी ती तारीख विसरलो. घरात आम्ही त्याचं वय नारळी पुनवेनं मोजत होतो. कागदावर काय लिहिलंय ते बघायची गरजच पडली नाही.

पुढे तो बोईसरच्या बाजूच्या हायस्कुलात गेला आणि तिथे त्याला क्रिकेट लागलं. ऑफस्पिन टाकायचा. काथ्याच्या मॅटिंगवर त्याचा चेंडू हातभर वळायचा. माझं बोलणं ऐकायला उभी न राहणारी कारखान्यांच्या कॉलनीतली माणसं त्याची बोलिंग बघायला स्कूटर थांबवायची.

शाळेचा एकच संघ होता, पंधरा वर्षांखालचा. सगळा कारभार सरांच्या हातात. पावसाळ्यात पालकांची सभा व्हायची. सर फळ्याजवळ उभे राहून नियम सांगत. रविवारी सकाळी सातला सराव. प्रत्येक रविवारी दोन घरांची पाळी, बापांनी मॅटिंग अंथरून खिळे ठोकायचे, आयांनी चहा आणि पोहे आणायचे. पांढरे कपडे ज्याचे त्यानं शिवायचे. जन्मतारखेचे दाखले सर शाळेतून काढणार आणि स्पर्धेचे फॉर्म स्वतःच भरणार. शेवटचा नियम ते दरवर्षी जरा मोठ्यानं सांगत, "निवड माझी. निवडीबद्दल पालकांनी बोलायचं नाही." सगळे पालक माना डोलवत. मीही डोलावली. पण माझ्या टेम्पोशिवाय ते मॅटिंग पालघरच्या मैदानावर पोचत नव्हतं, हे सरांना माहीत होतं आणि मलाही.

पोरगा नववीत असताना संघात एकाच स्पिनरची जागा होती. समोर दहावीतला एक मुलगा, त्याचे वडील एका कारखान्यात मोठ्या हुद्द्यावर. तो मुलगा चेंडू सरळ टाकायचा. हे मीच नाही, सगळे म्हणत. यादी लागायच्या आदल्या रविवारी मी मॅटिंग गुंडाळत होतो, तेव्हा सर माझ्याजवळ येऊन उकिडवे बसले. तोवर ते कधी कुठल्या बापाशेजारी जमिनीवर बसलेले मी पाहिले नव्हते.

"शेठ, एक विनंती आहे. दहावीच्या मुलाचं हे शेवटचं वर्ष. तुमचा अजून नववीत. यंदा राखीव ठेवतो. पुढच्या वर्षी पहिलं नाव त्याचं."

"पहिल्या नावानं काय होतंय? कप्तान करा."

सर हसले. "करतो."

"नि पहिल्या पाच ओव्हरांत बोलिंग त्याची."

"तीही त्याची. एक वर्ष थांबा फक्त."

"हात द्या."

त्यांनी हात दिला. मी शीळ वाजवत टेम्पो घरी आणला. एका साध्या जागेच्या बदल्यात कप्तानकी मिळवली होती, आणि मला वाटलं, शिकलेल्या माणसाला मी गुंडाळला.

पोरगा अंगणात चेंडू भिंतीवर मारत होता. सांगितल्यावर थांबला.

"बाबा, मला यंदा खेळू दे ना."

"पुढच्या वर्षी कप्तान हायेस तू."

"कप्तान नको मला. यंदा बॉल वळतोय."

"गप बस. सौदा झालाय."

त्या वर्षी तो राखीव बसला. ड्रिंक्सला पाणी नेलं, स्कोअर लिहिला, दुसऱ्याचे पॅड बांधून दिले. संघ पहिल्याच सामन्यात हरला. मी मनात म्हटलं, बरं झालं, पुढच्या वर्षाला किंमत आली.

पुढचं वर्ष आलं. सरांनी शब्द पाळला, हे मला कबूल करावं लागेल. फळ्यावर पहिलं नाव माझ्या पोराचं, पुढे कंसात कप्तान. बायकोनं आळीत साखर वाटली. पालघरच्या शिंप्याकडून पांढरी पँट शिवून आणली, पोरगा वाढतोय म्हणून पायाशी चार बोटं दुमड ठेवून. सबंध पावसाळा तो शाळेच्या व्हरांड्यात बोलिंग टाकत होता. जिल्ह्याचे निवड करणारे सामने बघायला येणार होते.

सामन्याच्या सकाळी पालघरच्या मैदानाच्या कडेला चिंचेखाली टेबल टाकून स्पर्धेचे एक गृहस्थ बसले होते. एकेका मुलाचा दाखला बघायचे, नाव पुकारायचे, मुलगा आत. माझ्या पोराचा दाखला त्यांनी दोनदा बघितला.

"पंधरा वर्षं पाच महिने. हा चालणार नाही."

मी पुढे झालो. "साहेब, चौदाचा हाय तो. नारळी पुनवेला चौदा झाली."

"इथे एक जून आहे. पंधरा पुरी."

"ते शाळंत घालताना वाढवून लिवलंय. मीच वाढवलंय. सगळ्या गावाला विचारा."

"मग आता कमी करायला आलात?" टेम्पोवरची माझी पिंपांची पाटी बघून ते म्हणाले. "शेठ, वय म्हणजे काय पिंप आहे, ठोकून बारीक करायला?"

मागे उभे असलेले पालक हसले. माझ्याबरोबर खिळे ठोकणारे, माझ्या टेम्पोत बसून आलेले पालक. मी टेबलावर हात आपटला, नको ते बोललो. पोरगा शेजारी उभा होता, हातात नाणेफेकीला न्यायचं नाणं धरून. सर म्हणाले, "शेठ, तारीख तुम्हीच दिलेली. शाळा काय करणार?"

मी म्हटलं, "तुमाला ठाऊक नव्हतं?"

"इतक्या मुलांच्या तारखा कोण लक्षात ठेवतं?"

त्या गृहस्थांच्या फायलीत मागच्या वर्षीचे फॉर्मही होते. मला गप्प करायला म्हणून त्यांनी माझ्या पोराचा काढून समोर धरला. राखीव मुलांचेही फॉर्म भरत असत. वयाच्या रकान्यात सरांचं ते गोल, सुबक अक्षर होतं. चौदा वर्षे पाच महिने. माझ्या शेजारी उकिडवं बसून ते पुढचं वर्ष मला विकत होते, त्याच आठवड्यात भरलेला फॉर्म. पुढच्या वर्षी हा मुलगा वयात बसणार नाही, हे जाणायला गणिताचा मास्तर लागत नाही.

मी सरांकडे बघितलं. ते फॉर्मकडे बघत होते. मग नाणं पोराच्या हातातून घेऊन त्यांनी दुसऱ्या मुलाच्या हातात दिलं आणि संघ आत गेला.

सामना संपल्यावर येताना पोरगा टेम्पोत पुढे बसला नाही. मागे मॅटिंगच्या गुंडाळीवर बसून आला. घरी आल्यावर बायकोनं विचारलं, काय झालं. तो म्हणाला, "मी यंदाचं मागत होतो." बायकोला कळलं नाही, त्यानं समजावलंही नाही. चेंडू त्यानं कुणाला दिला की फेकला, मला माहीत नाही. मी विचारलं नाही. दहावी झाली, संघ एकच होता, त्याचं खेळणं तिथंच संपलं. आज तो एका रंगाच्या कारखान्यात पाळीवर जातो. कपडे कितीही धुतले तरी पिवळे राहतात. माझ्याशी बोलतो, दुधाचं, विजेच्या बिलाचं. टीव्हीवर सामना लागला की उठून बाहेर जातो. आळीत कोणी म्हणालं की याचा चेंडू हातभर वळायचा, तर तोच म्हणतो, "नाय, उगाच सांगतात."

माझा गुन्हा मी लपवत नाही. चौदा महिने मी चोरले, आणि त्याचं म्हणणं न ऐकता त्याचं वर्ष देऊन टाकलं. त्याची शिक्षा रोज माझ्यासमोर जेवायला बसते. पण मी अडाण्यासारखं विसरलो होतो. तुम्ही विसरला नव्हतात, सर. तुम्ही निवृत्त झालात, शाळेनं शाल-नारळ दिला, मीही त्या गर्दीत मागे उभा होतो. दोनदा तुमच्या दाराशी आलो, दोन्ही वेळा तुमच्या घरच्यांनी सांगितलं की सर झोपलेत. मला आता तुमच्याकडून काही नको. तुम्ही नवापूरला या, माझ्या पोरासमोर उभे राहा, आणि तो रकाना भरताना तुम्हाला काय ठाऊक होतं ते त्याला तुमच्या तोंडानं सांगा. त्याची पाळी दुपारी तीनला सुटते. बोला, कधी येता?