करुणाबाईंच्या घरचा पासवर्ड

"जयभीम म्हणून आलेल्याला मी दारातून परत पाठवू काय?" नरसिंग गुरुजींचा आवाज चढला होता.

"दारातून आलंय कोण, बाबा?" संध्याही मागे हटेना. "आपलं नेट वापरायला भिंतीतून आलेत. तोंड न दाखवता."

"एक पोलीस काय येऊन गेला, लागली लगेच कुलपं घालायला!"

"तो माझं नाव विचारून गेलाय. तुमचं न्हाई."

करुणाबाई उंबऱ्याशी बसून मेथी निवडत होत्या. बाप-लेकीचं भांडण त्यांनी अडवलं नाही.

वसमतमधल्याच एका कार्यालयातल्या बाईला कुणीतरी घाणेरडा ईमेल पाठवला होता. माग काढत पोलीस आले ते गुरुजींच्या टेलिफोनवर; घरातलं नेट त्याच तारेवरून यायचं. घरात संगणक कोण वापरतं, असं सकाळी आलेल्या जमादारानं विचारलं. संध्याच वापरायची. तो मेल गेला त्या दिवशी ती नांदेडला मामाकडे होती, म्हणून निभावलं. पण जाता जाता जमादार म्हणाला, "ताई, तुमच्या नोकरीची पडताळणी आमच्याच ठाण्यातून जाणार हाय. पुन्हा असं काही निघालं तर मला तसं लिहावं लागंल." चार वर्षं परीक्षा देऊन लागलेली नोकरी. अजून रुजूही झाली नव्हती पोरगी.

मागच्या उन्हाळ्यात घरात बिनतारी नेटचा डबा बसला, तेव्हा बसवणाऱ्यानं पासवर्ड विचारला होता. गुरुजींना विचार करावा लागला नाही. जयभीम, आणि पुढं चौदा एप्रिलचे चौदा. त्यांना वाटलं, याहून भक्कम दुसरं काय असणार? त्यांच्या गल्लीत मात्र तिसरीतल्या लेकरानंही पहिल्यांदा तेच टाकून बघितलं असतं. कॉलेजातल्या पोरांनी तेच केलं. संध्याकाळी नेट रखडायला लागलं तेव्हा गुरुजींना कळलं, आणि राग यायच्या ऐवजी त्यांना बरंच वाटलं. "पोरं अभ्यास करून राहिलीत," ते म्हणाले.

करुणाबाई शिरड शहापूरच्या. सातवी पास झाल्या आणि लग्न होऊन इकडे आल्या. शहाण्णव साली गल्लीतला पहिला फोन त्यांच्याच घरी आला. त्यांचा नंबर अर्ध्या गल्लीनं आपल्या पाहुण्यांना देऊन ठेवलेला. घंटी वाजली की करुणाबाई कणकेच्या हातानं भिंतीवरून हाका मारायच्या. गल्लीतल्या केशरबाईचा लेक पुण्याहून फोन करायचा. ती म्हातारी चपला बाहेर काढून आत यायची आणि रिसीव्हर दोन्ही हातांनी धरायची. करुणाबाई तेवढ्या वेळात मोरीत जाऊन नळ सोडायच्या, म्हणजे ऐकू येऊ नये. एकदा ओळखीतलाच एक माणूस फोन लावून हळू आवाजात कुण्या पोरीला नको ते बोलायला लागला. करुणाबाईंनी त्याच्या हातातून रिसीव्हर काढून घेतला आणि ठेवून दिला. त्याला पुन्हा घरात घेतलं नाही. गाजावाजाही केला नाही.

फोनचं ते बराबर होतं. माणूस समोर असायचा. आता कोण कुठल्या गच्चीवर बसून काय करतो, कसं कळावं?

"माझी माय," गुरुजींचा आवाज एकदम खाली आला, "गावाकडं आडाच्या कट्ट्याखाली घागर घेऊन बसायची. वरून कुणी ओतलं तर पाणी. न्हाईतर रिकामीच घरी. आन् तू मला कुलूप लावायला सांगून राहिली?"

करुणाबाईंनी सासूच्या खांद्यावरचा घट्टा पाहिला होता, तेल लावून चोळलाही होता. नवऱ्याचं म्हणणं त्यांना खोटं वाटत नव्हतं. पण सकाळपासून त्यांच्या डोळ्यांपुढं ती अनोळखी बाई होती. तिनं तो मेल कुणासमोर उघडला असेल? नवऱ्याला दाखवला असेल, की पुसून टाकून गप्प बसली असेल? तिला ज्यानं छळलं, तो त्यांच्याच घरच्या नेटवरून गेला होता. गुरुजींच्या जयभीमवर पाय देऊन गेला होता.

त्यांनी मेथीच्या काड्या गोळा केल्या, हात धुतले आणि संगणकापुढं बसल्या. "कसा बदलतेत ते दाव मला."

संध्यानं नेटच्या डब्याचं सेटिंगचं पान उघडलं, तर त्याचा स्वतःचा पासवर्डही कारखान्यातून आला तसाच होता. "याच्यावरून कुणी आपल्यालाच बाहेर काढलं असतं, आई," ती म्हणाली. तोही बदलायचा ठरला. "नाव नको, तारीख नको. लांब ठेव. कुणाला सुचणार न्हाई असा."

"तू तोंड तिकडं कर," करुणाबाई म्हणाल्या, आणि एका बोटानं, एकेक अक्षर शोधत, बराच वेळ टाईप करत बसल्या.

"मला तरी सांगशील?" गुरुजींनी विचारलं.

"तुमाला सांगितला की रात्रीपर्यंत साऱ्या गल्लीला."

संध्याला हसू आलं. गुरुजींना आलं नाही. "गल्लीला काय सांगू मी? काहून बंद केलं म्हणून विचारतील."

"मी सांगंन." करुणाबाई उठल्या. "दोन्ही पासवर्ड बदललेत. ते कुणालाच सांगणार न्हाई, तुमा दोघांलाबी न्हाई. ज्याला नेट पाहिजे त्यानं पुढच्या खोलीत यावं, याच संगणकावर बसावं. मी घरातच असते. उद्यापासून असंच."